हिची तारीख बघितली?

नवीन शेजारी पहिल्यांदा घरात आला की काय करतो? दारात चपला काढतो, जागा मोठी आहे हो तुमची असं म्हणतो, चहा नको नको म्हणत दोन कप पितो. आमच्या समोरच्या दारातले पास्कल अंकल पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना पाणी द्यायला फ्रीज उघडला, आणि बघते तर अंकल माझ्या मागोमाग फ्रीजपाशी. आम्ही नाहूरच्या या बिल्डिंगमध्ये नुकतं सामान टाकलं होतं, अर्धी खोकी अजून बांधलेलीच होती. फ्रीजच्या दारात दुधाच्या पिशवीला टेकून वसंतची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, बिअरची एक बाटली उभी होती. अंकलनी ती उचलली, खिशातून छोटा टॉर्च काढला, बाटलीच्या मानेवर मारला आणि मला विचारलं, "बाय, हिची तारीख बघितली?"

मी म्हटलं, कुणाची?

"हिची," ते म्हणाले, आणि पोलीस पाकीटमाराला धरतात तशी मानेला धरून बाटली माझ्यासमोर आणली. तारीख कधीच उलटून गेली होती. मी काही बोलायच्या आत त्यांनी ती उघडली, हुंगली आणि आमच्या बेसिनमध्ये ओतून दिली. संध्याकाळी वसंत कामावरून आला तर बिअर नाही आणि बेसिनला बिअरचा वास. सामान लावता लावता मीच ती प्यायले असं त्याला आजही वाटतं.

तर 'ही' म्हणजे बिअर. अंकल बिअरला बिअर कधीच म्हणत नाहीत. ही, ती, हिला, तिला. तिला अंधार लागतो. तिला हलवलेलं खपत नाय. तिला एकदा ऊन लागलं की ती तुमची राहत नाय. एकट्या माणसाच्या तोंडून असली वाक्यं ऐकून आमच्या वॉचमनने एकदा मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, मॅडम, अंकलनी घरात कोणाला आणून ठेवलंय काय?

कुणालाही आणलेलं नव्हतं. अंकलनी लग्नच केलं नाही. ते इथलेच, या गावठाणातले ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळचे ख्रिश्चन. आमची बिल्डिंग उभी आहे तिथे पूर्वी त्यांचं घर होतं. बिल्डरने दोघा भावांना समोरासमोर फ्लॅट दिले. धाकटा भाऊ रेमी, त्याने आपला फ्लॅट आम्हाला विकला आणि तो कांजूरमार्गला राहायला गेला. पहिल्या दिवशी अंकल थेट फ्रीजपाशी कसे आले हे मला तेव्हा समजलं. ते त्यांच्या भावाचं घर होतं, आम्ही मध्ये आलो होतो.

नोकरी त्यांनी भांडुपच्या एका बिस्किटाच्या फॅक्टरीत काढली. काम एकच, पुड्यांवर तारीख छापायच्या मशीनवर उभं राहायचं. माणूस जन्मभर जे करतो ते त्याच्या अंगात भिनतं हो. अंकल पावाची तारीख बघतात, मेणबत्तीची बघतात. कुणी लग्नाची पत्रिका दिली तर आधी उलटी करून खालच्या कोपऱ्यात बघतात. एकदा मी आगाऊपणे विचारलं, अंकल, लग्न का नाही केलंत? तर म्हणाले, "बघता बघता माझी तारीख उलटून गेली बाय." आणि हसले. मीही हसले, आपल्याला काय.

प्यायचे किती म्हणाल तर आठवड्याला एक बाटली, शनिवारी संध्याकाळी. पण त्या एका बाटलीचे नखरे नव्या नवरीला नसतील. बाटली उभीच पाहिजे, आडवी केली तर आतल्या हवेशी जास्त लगट होते आणि ती लवकर म्हातारी होते. फ्रीजच्या दारात ठेवायची नाय, दार सारखं उघडतं, तिला धक्के बसतात. आत, मागे, अंधारात. ऊन लागलेल्या बिअरला मांजर मुतल्याचा वास येतो म्हणे. मी म्हटलं, अंकल, मला तर कुठल्याही बिअरला तोच वास येतो. पुढे कितीतरी दिवस त्यांनी मला जिन्यात ओळख दाखवली नाही.

ग्लास साबणाने धुतलेला चालत नाही, मिठाने चोळलेला लागतो, नाहीतर फेस बसतो. एकदा वसंतने कौतुकाने आमचा ग्लास पुढे केला तर नाकाशी नेऊन म्हणाले, बांगडा. आम्ही मालवणी माणसं, आमच्या ग्लासाला बांगड्याचा नाही तर काय मोगऱ्याचा वास येणार?

आणि शिळ्या बिअरला त्यांचा एकच शब्द, पुठ्ठा. एक घोट तोंडात घ्यायचा, डोळे मिटायचे, थांबायचं, आणि निकाल द्यायचा. पुठ्ठा म्हणजे काय हे वसंतला कळेना, तेव्हा अंकलनी आमच्याच सामानाच्या खोक्याचा एक कोपरा फाडून पाण्यात बुडवला आणि त्याला चघळायला दिला. आणि आमचा हा शहाणा चघळत बसला. वर मला सांगतो, खरंच गं, तशीच लागते. अंकलचं म्हणणं, कंपनी छापते ती तारीख बाटलीची. चवीची तारीख तिच्या खूप आधी येते, आणि ती कुठे छापलेली नसते.

वाईन शॉपवाला त्यांना लांबून बघितलं की कपाळावर हात मारायचा. पुढच्या रांगेतली नको, मागच्या रांगेतली दे. ट्यूबलाईटखालची नको. टॉर्च मारून एकेक बाटली तपासायची, मागची गिऱ्हाईकं शिव्या देतायत, अंकल ढिम्म. मग पसंत पडलेल्या दोन बाटल्या पेपरात गुंडाळायच्या. लोक बाटली लाजेने गुंडाळतात, अंकल उन्हासाठी गुंडाळायचे. मे महिन्यात मी त्यांना स्टेशन रोडने येताना बघितलंय. छत्री उघडलेली, पण ती पिशवीवर धरलेली, आणि स्वतःचं टक्कल भर उन्हात.

तेव्हा दर शनिवारी रेमी कांजूरहून यायचा. त्या दोन बाटल्यांतली एक त्याची. दार उघडं ठेवून दोघे भाऊ बसायचे, आणि बोलायचे काय, तर भांडायचे. रेमीला त्यातलं ओ की ठो कळत नसे. थंड आहे ना, मग झालं, असा तो माणूस. अंकल म्हणायचे, कांजूरला कचऱ्याच्या डोंगराशेजारी राहून ह्याच्या नाकाची वाट लागलीय. रेमी बिअरमध्ये बर्फ टाकायचा, मुद्दाम, भावाला चिडवायला. आमच्या घरापर्यंत हसणं ऐकू यायचं.

मग लवीनाचं लग्न आलं.

लवीना रेमीची एकुलती मुलगी. तिला शाळेत नेणं-आणणं अंकलनीच केलेलं, ती त्यांना मोठे पप्पा म्हणते. उत्तनचा मुलगा मिळाला, मे महिन्यात इथेच गावठाणाच्या मैदानात मांडव पडला. आम्हालाही आमंत्रण होतं. आता रेमीने काय केलं होतं, बिअरची खोकी कुठेतरी स्वस्तात मिळाली म्हणून खूप आधी आणून आपल्या बिल्डिंगच्या टेरेसवर ताडपत्रीखाली रचली होती. मे महिन्यात, टेरेसवर. अंकलना हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि मुद्दामच सांगितलं नव्हतं.

मी आणि वसंत ताटात मटण आणि फुगे, म्हणजे त्यांच्या लग्नातले ते तळलेले गोल पाव, घेऊन बसलो होतो. स्टेजवर नवरा-नवरी फोटोला उभे. अंकल लवीनाच्या शेजारी, डावा हात तिच्या खांद्यावर, उजव्या हातात बर्फातून काढलेली बाटली. बँडवाल्यांचं एक गाणं संपलं होतं आणि दुसरं सुरू व्हायचं होतं. अंकलनी एक घोट घेतला, बाटली खाली केली, डोळे मिटले. मी मनात म्हटलं, पुठ्ठा. आणि त्या शांततेत अंकल मांडवाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या भावाला ओरडून म्हणाले, "रेमी, हिची तारीख उलटून गेलीय रे. माहीत असून तू ही ह्या लोकांच्या गळ्यात मारतोस?"

आता तुम्हीच सांगा. बाटली होती उजव्या हातात, नवरीच्या गाऊनच्या घोळाआड. लोकांना दिसला तो डावा हात, नवरीच्या खांद्यावरचा. आपल्या भाषेत बाटली पण ही आणि नवरी पण ही. आणि बाईमाणसाची तारीख उलटणं म्हणजे काय, ते नाहूरला कळतं तसं उत्तनलाही कळतं.

नवऱ्याच्या आईने खुर्चीची पाठ घट्ट धरली. सगळा मांडव अंकलकडे बघायला लागला. अंकलना वाटलं लोकांना अजून नीट समजलं नाही, म्हणून त्यांनी खुलासा केला.

"वरून चांगली दिसते," ते म्हणाले, "पण आतून खराब झालीय. कुठे पडून होती विचारा ह्याला."

वसंतच्या हातातला फुगा मटणाच्या रश्शात पडला. पुढचा गोंधळ काय सांगू. उत्तनच्या बायका एकदम बोलायला लागल्या, लवीनाचा चेहरा रडवेला झाला. शेवटी फादर स्टेजवर चढले, अंकलच्या हातून बाटली घेतली आणि चष्मा लावून तिच्यावरची तारीख मोठ्याने वाचली. मग एकच हशा. नवरा हसला, लवीना डोळे पुसत हसली, बँड सुरू झाला. मीही पोट धरून हसले. फक्त रेमी हसला नाही.

दुसऱ्या दिवशी अंकलकडे ठेवलेलं लग्नाचं सामान नेताना जिन्यातच त्याने भावाला ऐकवलं. "माझ्या पोरीच्या लग्नात तुला पोरगी नाय दिसली. बाटली दिसली. आता माझ्याकडे येऊ नको."

खरं तर पोरगी दिसली म्हणूनच ते ओरडले होते. तिच्या लग्नात पाहुण्यांच्या घशाखाली पुठ्ठा जावा हे त्यांना सहन झालं नव्हतं. पण असलं सांगणार कोण आणि ऐकणार कोण. उत्तनच्या मावशा-आत्या नंतर कितीतरी दिवस बोटांवर महिने मोजत होत्या म्हणे. त्या शनिवारी रेमी आला नाही. पुढच्या शनिवारीही नाही. मग तो आलाच नाही.

नाहूर आणि कांजूर, मध्ये एकच स्टेशन, भांडुप. मी म्हटलं, अंकल, कांजूर म्हणजे काय कॅनडा आहे? तुम्हीच जाऊन या. तर म्हणाले, तो येऊ नको म्हणालाय. मोठा हाय मी, मोठ्याने धाकट्याचं ऐकायचं असतं. मला काही हा न्याय कळला नाही. आमच्याकडे मोठा असतो तो धाकट्याचं कशाला ऐकेल?

त्या सुमारास अंकलची आमच्यावर मर्जी बसली. अधूनमधून बेल वाजायची, दारात अंकल, हातात पेपरात गुंडाळलेली बाटली. "वसंतला दे बाय. आज-उद्या पिऊन टाक म्हणावं, हिची चवीची तारीख जवळ आलीय." मी म्हटलं, केवढा शेजारधर्म. पण वसंतला पित्ताचा त्रास. एक पितो आणि दोन दिवस सोडा घेत फिरतो. फेकायची तर लाज वाटते. मग ऑफिसातली एक जण म्हणाली, बिअरने केस धू, बघ कसे चमकतात. मी धुतले. आणि खरंच चमकले हो. या वयात लोक मला विचारायला लागले, कुठला शाम्पू?

वर्षभर मजेत चाललं. एकदा रविवारी केस पुसत दारात उभी होते आणि अंकल समोर. त्यांनी नाक वर केलं.

"बाय, तू हिला डोक्याला लावलीस?"

मी म्हटलं, तारीख जवळ आली होती ना. मला वाटलं आता भडकणार. पण अंकल थोडा वेळ विचारात पडले आणि म्हणाले, "लावायच्या आधी एक घोट तरी घ्यायचास. ताजी होती की नाय, ते कळलं असतं." मला इतका राग आला स्वतःचा की उलट त्यांच्यावरच खेकसले. म्हटलं, अंकल, तुम्ही एकच तर पिता. मग दोन आणता कशाला? उगाच आमच्या गळ्यात.

"एक रेमीची," ते म्हणाले.

"रेमी कुठे येतो आता?"

"आला तर? शिळी देऊ त्याला?"

एवढं बोलून ते आत गेले. दार उघडंच होतं. मला त्यांचा फ्रीज दिसला, कारण ते फ्रीज उघडून आत बघत उभे राहिले होते. आत एक पातेलं, अर्धं लिंबू, आणि मागे अंधारात दोन बाटल्या उभ्या. बाकी सगळा फ्रीज रिकामा.

मी घरी येऊन आरशासमोर उभी राहिले. म्हणजे आमच्याकडे आलेली प्रत्येक बाटली रेमीची होती. भावाची वाट बघून बघून तारखेला आली की ती आमच्याकडे यायची आणि तिच्या जागी दुसरी उभी राहायची. माझे केस वर्षभर चमकत होते ते एक माणूस येत नव्हता म्हणून. मला रडू आलं, खरंच सांगते. तेव्हापासून मी केसांना नुसतं खोबरेल लावते.

या पावसाळ्यानंतर अंकलचे डोळे बिघडले. मोतीबिंदू, दुसरं काय. पण कबूल करतील तर शप्पथ. एका शुक्रवारी दुपारी ऑक्टोबरच्या उन्हातून घामाघूम होऊन आले, छत्री पिशवीवर, आणि आमची बेल वाजवली. बाटली माझ्या हातात देऊन म्हणाले, "जरा बघ गं काय लिहिलंय. छपाई हल्ली फार वाईट झालीय. आमच्या फॅक्टरीत असं छापलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं."

छपाई चांगली ठसठशीत होती. तारीख मे महिन्यातली होती. दुकानात नवा माणूस आलाय, त्याने म्हाताऱ्याला दिसत नाही हे ताडलं आणि पडून राहिलेला माल खपवला, मेल्याने. मी तोंड उघडलं आणि अंकलच्या चेहऱ्याकडे बघितलं. खरं सांगावं तर ते त्याच पावली उन्हात परत जाणार. आणि त्याहून वाईट म्हणजे, आपल्याला आता तारीख वाचता येत नाही हे त्यांना कळणार.

"फेब्रुवारी आहे अंकल," मी म्हटलं. "भरपूर वेळ आहे."

"भरपूर हाय," ते म्हणाले, आणि इतके खूश झाले की मला त्यांच्याकडे बघवेना.

संध्याकाळी वसंतला पिटाळून दोन ताज्या बाटल्या आणवल्या. त्यांच्या घराची एक किल्ली आमच्याकडे असते. रविवारी सकाळी अंकल चर्चमध्ये मिस्सेला गेले की रेमीची बाटली गुपचूप बदलून टाकायची असं ठरलं. शनिवारची त्यांची बाटली राहत होती. तिचं मी ठरवलं होतं, संध्याकाळी तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं घेऊन जायचं आणि काहीतरी बोलण्यात गुंतवून आपली एक पुढे करायची.

शनिवारी वाटी घेऊन गेले तर दार उघडं, आणि खुर्चीच्या अगदी कडेवर, बूट न काढता, रेमी बसलेला.

केस सगळे पांढरे झाले होते त्याचे. हातात एक पाकीट होतं. मला बघून त्याला बरं वाटलं असावं, कारण दोघांना एकमेकांशी बोलता येत नव्हतं. तो मलाच सांगायला लागला. लवीनाला मुलगा झाला होता, लग्नाला वर्ष उलटून गेल्यावर, त्यामुळे उत्तनची बोटं आपोआप थांबली होती. आता बाप्तिस्मा होता. आणि लवीनाने बजावलं होतं की मोठे पप्पा आले नाहीत तर बाप्तिस्मा होणार नाही. "तिने पाठवलं म्हणून आलो," रेमी म्हणाला. नजर जमिनीवर.

अंकल उठले, फ्रीज उघडला आणि मागची बाटली काढली.

भाऊ इतक्या दिवसांनी दारात आला, आणि त्याच्यासाठी जपून ठेवायची बाटली नेमकी मे महिन्यातली. अंकल एक घोट घेणार, डोळे मिटणार आणि म्हणणार, पुठ्ठा. आणि मग परत तेच सगळं. मी पुढे झाले. म्हटलं, अंकल, आमच्याकडे थंडगार दोन आहेत, कालच आणल्यात, त्या घ्या ना.

"कुठे ठेवल्यायत?" अंकलनी विचारलं. "फ्रीजच्या दारात?"

आता दारातच ठेवल्या होत्या.

मिठाने चोळलेले दोन ग्लास आले. अंकलनी ग्लास तिरका धरून सावकाश ओतली. एक रेमीला दिला, एक आपण घेतला. रेमीने आपला ग्लास तोंडाला लावला नाही. तो भावाच्या तोंडाकडे बघत राहिला. मीही बघत राहिले. अंकलनी घोट घेतला, डोळे मिटले आणि थांबले. मला त्यांच्या गालाची शीर दिसत होती. त्यांना कळलं होतं. पहिल्या क्षणालाच कळलं होतं.

अंकलनी घोट गिळला. डोळे उघडले.

"ताजी हाय," ते म्हणाले.

मग रेमीने एक घोट घेतला. त्याला काही कळलं की नाही देव जाणे. थंड आहे, एवढं म्हणाला, आणि खुर्चीत जरा मागे सरकून बसला. अंकलनी पाकिटातून पत्रिका काढली. डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, पुन्हा जवळ आणली. आणि शेवटी विचारलं, "तारीख काय?"

तो शब्द त्या खोलीत असा काही पडला की मी वाटीतल्या तिसऱ्या मोजायला लागले. रेमीने ग्लास खाली ठेवला. भावाकडे बघितलं, त्याच्या हातातल्या पत्रिकेकडे बघितलं. पत्रिका उलटी धरली होती.

"पुढच्या महिन्याचा दुसरा रविवार," तो हळू म्हणाला. त्याने उठून पत्रिका सरळ करून भावाच्या हातात दिली. "आणि बिअर नाय ठेवलीय. सरबत हाय."

"सरबताची..." अंकलनी सुरुवात केली आणि तोंड मिटून घेतलं.

रेमी हसला नाही, पण त्याच्या तोंडाचा एक कोपरा हलला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग त्याने घड्याळ बघितलं. लवीना माहेरी आलीय, घरी वाट बघतेय, निघतो म्हणाला. पुन्हा कधी येशील हे अंकलनी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. लिफ्टचं दार बंद झाल्याचा आवाज आला तरी अंकल उंबरठ्यावर उभे होते.

परत येऊन ते खुर्चीवर बसले.

"पुठ्ठा," मग ते म्हणाले, माझ्याकडे न बघता. "ओला पुठ्ठा. तू फेब्रुवारी वाचलंस ना?"

मी म्हटलं, छपाई फार वाईट आहे अंकल.

"होय," ते म्हणाले. "छपाईच वाईट हाय."

मला तिथे थांबवेना. ग्लास उचलायला लागले. रेमीचा अर्धा ग्लास तसाच राहिला होता, फेस बसलेला, कोमट झालेला. बेसिनकडे निघाले तर अंकल म्हणाले, ठेव तो. मी म्हटलं, अंकल, शिळी आहे, गरम झालीय, वर उष्टी आहे.

"तो लहानपणापासून सगळं अर्धंच टाकतो," अंकल म्हणाले. "दूध, पेज, चहा. आई मारायची त्याला. मग तिचं लक्ष नसताना मी संपवायचो."

त्यांनी ग्लास माझ्या हातातून घेतला, दोन्ही हातांनी धरला आणि हळूहळू सगळा संपवला. डोळे मिटले नाहीत, आणि निकालही दिला नाही.